सहा मिलिमीटर

लॅबमध्ये लागले तेव्हा मला सगळ्यात आधी काय शिकवलं असेल, तर शून्याला सहा म्हणायला.

सांगते. कल्चर-सेन्सिटिव्हिटी म्हणून जी टेस्ट असते, म्हणजे पेशंटच्या लघवीतून, रक्तातून, जखमेतल्या पुवातून जंतू वाढवायचा आणि मग त्याला कुठलं अँटिबायोटिक लागू पडतं ते बघायचं, ती आमच्याकडे डिस्कने व्हायची. गोल प्लेट, तिच्यात आगर नावाच्या जेलीचा थर, त्यावर स्वॅबने जंतू असा सारवायचा की कुठे फट राहता कामा नये, आणि मग चिमट्याने औषध मुरवलेल्या कागदाच्या चकत्या अंतराअंतरावर ठेवायच्या. चकती केवढी, तर कपाळावरच्या टिकलीएवढी, बरोब्बर ६ मिलिमीटर व्यासाची. रात्रभर ३५ डिग्रीला ठेवलं की सकाळी प्लेटभर जंतूंची पांढुरकी लव उगवलेली असते, आणि जे औषध चालतंय त्या चकतीभोवती मात्र स्वच्छ गोल. चंद्राला खळं पडतं ना, अगदी तसं. आम्ही झोन म्हणायचो, पण मला मनातल्या मनात खळंच म्हणायला आवडायचं.

पट्टी घ्यायची, प्लेट उलटी करून काळ्या कागदावर धरायची आणि खळ्याचा व्यास मोजायचा. २२, १९, २६. आता खळंच नसेल, जंतू पार चकतीला चिकटून वाढलेला असेल तर? मी पहिल्या दिवशी सरळ ० लिहिला. शेजारच्या सीनियर मॅडमनी खोडून ६ केला. व्यास चकतीसकट मोजतात, त्यामुळे सहाच्या खाली आकडा जातच नाही. "सहा म्हणजे काही नाही," त्या म्हणाल्या आणि पुढच्या प्लेटकडे वळल्या.

नंतर काही वर्षं माझ्या हातून असंख्य सहा लिहिले गेले. सुरुवातीला एखाद-दुसऱ्या औषधासमोर, मग अर्ध्या पानभर, आणि मग असे दिवस आले की एका पेशंटच्या नावासमोर वरपासून खालपर्यंत ६, ६, ६, ६ अशी रांगच. त्या आकड्यांची गंमत अशी की नवख्या माणसाला वाटावं काहीतरी आहे, थोडं का होईना. वॉर्डातून फोन यायचा, एखादा तरुण डॉक्टर, आवाजावरून कळायचं की रात्रभर झोपलेला नाहीये, "मॅडम, काही तरी लागतंय का हो?" आणि मी म्हणायचे, कोलिस्टिनचं उद्या सांगते.

कोलिस्टिनचं उद्या, कारण ते चकतीने बघता येत नाही. तो रेणू एवढा थोराड की आगरमधून धड पसरतच नाही, खळं खोटं पडतं. त्याला छोट्या छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये औषध निम्म्या निम्म्याने पातळ करत न्यावं लागतं आणि कुठल्या खळग्यात जंतू पहिल्यांदा गप्प बसतो ते बघावं लागतं. आणि हे कोलिस्टिन काही नवीन औषध नाही हं. १९४०च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये सापडलेलं, काही वर्षं वापरलेलं, आणि मूत्रपिंडाची वाट लावतं म्हणून १९७०च्या दशकात बाजूला टाकलेलं. चांगली औषधं आली होती ना तेव्हा, कोण विचारतंय ह्याला. मग ती चांगली औषधं एकेक करून सहावर आली आणि अडगळीत टाकलेल्या ह्या म्हाताऱ्याला परत कामाला जुंपलं. शेवटचा उपाय म्हणून जे औषध आपण हाताशी ठेवलंय ते आपल्या आईवडिलांच्या पिढीने नाकारलेलं औषध आहे, हे कळलं त्या दिवशी मला जेवढी भीती वाटली तेवढी रिपोर्ट बघून कधी वाटली नव्हती.

त्यात २०१५ मध्ये चीनमधून बातमी आली की कोलिस्टिनला दाद न देणारा एक जीन सापडलाय, एमसीआर-१, आणि तो जंतूच्या मुख्य डीएनएत नसून प्लाझमिडवर आहे. प्लाझमिड म्हणजे डीएनएचं एक सुटं कडं, जे एक जंतू दुसऱ्याला सरळ देऊन टाकतो, नातं लागतं की नाही हेही बघत नाही. डुकरांची वाढ लवकर व्हावी म्हणून त्यांच्या खाद्यात कोलिस्टिन घालत होते. घालणं २०१७ मध्ये बंद केलं तिथे. पण कडं तोवर कुठल्या कुठे पोचलं होतं.

मग मी नोकरी बदलली. मारणारं काही उरलं नाही हे रोज लिहून देण्यापेक्षा मारणारं काही शोधणाऱ्या लोकांत जावं असं वाटलं, थोडं भाबडेपणानेच. नव्या ठिकाणी ९६ खळग्यांची प्लेट, प्रत्येक खळग्यात वेगळं रसायन, आणि टीबीच्या जंतूचा एक निरुपद्रवी चुलतभाऊ, स्मेग्मॅटिस नावाचा. खरा टीबीचा जंतू दुप्पट व्हायला जवळजवळ अख्खा दिवस घेतो आणि त्याच्यासाठी वेगळी बंदिस्त लॅब लागते, हा चुलतभाऊ तीनेक तासांत दुप्पट होतो, म्हणून पहिली चाळणी त्याच्यावर. शेवटी रिझाझुरिन नावाचा निळा रंग टाकायचा. जंतू जिवंत असेल तर निळ्याचा गुलाबी होतो, मेला असेल तर निळा तसाच राहतो. म्हणजे सकाळी उठून गुलाबी गुलाबी गुलाबीमध्ये एखादा निळा ठिपका शोधायचा, हे माझं काम.

आणि एकदा मला अख्खा कॉलम निळा मिळाला. आठच्या आठ खळगे, शाईसारखे गडद. मी दोन दिवस जमिनीवर नव्हते. फोटो काढले, वहीत तारीख दोनदा गिरवली, घरी कोणालाच काही न कळेल अशा भाषेत सगळं सांगून झालं. तिसऱ्या दिवशी सरांनी वही बघितली आणि एकच विचारलं, "हा कॉलम वेगळ्या पिपेटने भरलास का?" भरला होता. पिपेट म्हणजे द्रव मोजून सोडायचं साधन, त्याच्या टिप्स संपल्या म्हणून मध्येच दुसरं घेतलं आणि त्यावर १ मायक्रोलिटरच्या जागी १० लावलेलं होतं. आमची सगळी रसायनं डीएमएसओ नावाच्या द्रवात विरघळवलेली असायची, ते १ टक्क्यापर्यंत जंतू सहन करतो, मी १० टक्के ओतलं होतं. माझ्या आठ चमत्कारांत औषध कुठलंच नव्हतं, जंतू नुसते डीएमएसओत बुडून मेले होते.

सर ओरडले नाहीत. ते म्हणाले, जंतू मारणं कठीण नाहीये, ब्लीचनेही मरतात, आगीनेही मरतात. कठीण काय आहे तर ज्या माणसात तो जंतू आहे त्याला जिवंत ठेवून मारणं. हे वाक्य त्यांनी आधीही शंभरदा म्हटलं असणार, पण मला ते त्या दिवशी ऐकू आलं.

बरं, माझी चूक पिपेटची होती, पण ज्यांचं पिपेट बरोबर होतं त्यांचं तरी काय झालं? ग्लॅक्सोस्मिथक्लाइन ह्या औषध कंपनीने १९९५ ते २००१ ह्या काळात ७०च्या आसपास मोठाले शोध घेतले, लाखो रसायनं जंतूंच्या एकेका प्रोटीनवर चालवून बघितली, आणि हाती पुढे नेण्यासारखे धागे किती आले, तर पाच. औषध एकही नाही. डोंगर पोखरून उंदीर म्हणावं तर उंदीरही नाही. हे त्यांनी नंतर स्वतःच छापलं, ह्याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे, हरल्याचा हिशोब कोण छापतं एरवी.

का होतं असं, तर प्रोटीन परीक्षानळीत गाठणं वेगळं आणि जंतूच्या आत शिरून गाठणं वेगळं. ज्यांना ग्राम-निगेटिव्ह म्हणतात, म्हणजे ई कोलाय, क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर ही मंडळी, त्यांना दोन भिंती असतात. बाहेरच्या भिंतीतून आत जायला अरुंद भोकं, त्यातून शिरायचं तर रेणू लहान हवा आणि पाण्यात मिसळणारा हवा. आतली भिंत ओलांडायची तर त्याला थोडं तेलकट असलेलं बरं. आणि दोन्ही जमवून आत गेलाच तर तिथे पंप बसलेत, अक्षरशः पंप, आलेलं परकं काहीही उचलून बाहेर टाकणारे. टीबीच्या जंतूची तऱ्हा आणखी वेगळी, त्याच्या अंगावर मेणाचं जाड कवच, शिवाय तो आपल्याच पेशींच्या आत दडी मारून बसतो. एवढं सगळं पार करणारा रेणू सापडला तरी तो यकृत खराब करतो का, हृदयाचे ठोके बिघडवतो का, पोटातून रक्तात जातो का, गेला तर किती तास टिकतो, हे सगळं पुढे आहेच. हल्ली संगणकाला कामाला लावतात, २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी हॅलिसिन असंच शोधून काढलं, मुळात डायबेटिससाठी तपासलेला रेणू, प्रोग्रॅमने हेरला की हा जंतू मारेल आणि मारलेही त्याने, बशीत आणि उंदरांत. चांगली गोष्ट आहे. पण शोधायचा वेग वाढला म्हणून पुढची वाट काही आखूड झालेली नाही.

इथपर्यंतचं सगळं मला तरी पटण्यासारखं वाटायचं. निसर्ग अवघड आहे, जंतू हुशार आहेत, आपण प्रयत्न करतोय. माझं डोकं फिरलं ते पुढचं कळल्यावर.

प्लाझोमायसिन नावाचं औषध आहे. जुन्या एका अँटिबायोटिकच्या घराण्यातलं, पण जंतू ज्या एन्झाइमने त्या घराण्याला निकामी करतात त्यातल्या बऱ्याच एन्झाइमना चकवेल असं मुद्दाम घडवलेलं. अकेओजेन नावाच्या कंपनीने पंधरा वर्षं खपून ते बनवलं आणि जून २०१८ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. म्हणजे सगळं पार केलं, भिंती, पंप, किडनी, चाचण्या, सगळं. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. मंजुरीनंतर वर्षसुद्धा नाही. आणि त्याच २०१९ मध्ये डब्ल्यूएचओने प्लाझोमायसिनला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. गरज सरो वैद्य मरो अशी म्हण आहे आपल्याकडे, इथे गरज दारात उभी होती आणि वैद्य मेला.

मी ते वाचून बराच वेळ तशीच बसले. मग हळूहळू लक्षात आलं की ह्यात कोणी मूर्ख नव्हतं. नवीन अँटिबायोटिक आलं की शहाणा डॉक्टर काय करतो? कपाटात ठेवतो. लगेच वापरलं तर लगेच जंतू शिकणार, म्हणून अगदीच काही चालेना तेव्हाच काढायचं, आणि काढलं तरी दहा-चौदा दिवस, पेशंट बरा झाला की बंद. रक्तदाबाची गोळी आयुष्यभर घ्यायची असते, ही दोन आठवडे. औषधाने आपलं काम चोख करावं आणि शक्यतो विकलं जाऊच नये, अशी आपली अपेक्षा आहे, आणि कंपनीचे पैसे मात्र विक्रीवर. माझ्या वहीतला सहा जसा मोजायच्या रीतीतून आलेला होता, जंतूतून नाही, तसंच हे. चूक रेणूत नव्हतीच, पट्टीच चुकीच्या ठिकाणी लावलेली होती.

ह्यावर इंग्लंडने २०२२ मध्ये एक तोडगा काढून बघितला. दोन औषधं निवडली, त्यांच्या कंपन्यांना प्रत्येकी वर्षाला १ कोटी पौंडांपर्यंत ठरलेली रक्कम द्यायची, औषध किती वापरलं ह्याच्याशी संबंध नाही. म्हणजे औषध कपाटात असण्याचे पैसे. मला हे फार आवडलं. आता एकाच देशाने हे करून भागणार नाही हेही उघड आहे.

पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगला १९४५ मध्ये नोबेल मिळालं तेव्हाच्या भाषणात त्याने एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती, कुणी एक श्रीयुत एक्स, त्याचा घसा दुखतो, तो आपल्या मनाने थोडंसंच पेनिसिलिन घेतो, जंतू मरत नाही पण शिकतो, तोच जंतू त्याच्या बायकोला न्यूमोनिया करतो, आता पेनिसिलिन चालत नाही आणि ती जाते. दोष कुणाचा, तर श्रीयुत एक्सचा. ही गोष्ट तेव्हापासून आपण सगळे सांगतोय, कोर्स पूर्ण करा, अर्धवट सोडू नका. चुकीची आहे असं नाही म्हणत मी. पण मला हल्ली वाटतं की त्या गोष्टीत श्रीयुत एक्सवर जरा जास्तच ओझं टाकलंय. २०१९ ह्या एका वर्षात दाद न देणाऱ्या जंतूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसं गेली असा अंदाज आहे, आणि त्यातल्या कितीतरी जणांनी आयुष्यात कधी अर्धवट कोर्स सोडला नसेल. नवजात बाळं आहेत त्यात.

ही झाली एक बाजू, जिथे औषध आहे पण विकायचं नाही. दुसरी बाजू ह्याच्या नेमकी उलटी, आणि ती मला आमच्या सरांमुळे कळली. त्यांनी तरुणपणी झोपेच्या आजारावर काम केलं होतं. नाव ऐकून हसू येतं, स्लीपिंग सिकनेस, पण आजार भयानक. आफ्रिकेत त्सेत्से माशी चावते, रक्तात एक परजीवी शिरतो, ट्रिपॅनोसोमा, काही महिन्यांनी तो मेंदूत पोचतो, मग माणूस दिवसा झोपतो, रात्री भटकतो, घरच्यांवर धावून जातो, आणि उपचार नसेल तर जातोच.

मेंदूत पोचल्यावर उपाय काय होता, तर १९४९चं मेलारसोप्रोल. आर्सेनिकचं औषध. शिरेतून देताना आग उसळत जाते असं पेशंट सांगायचे, आणि ते ज्या द्रवात विरघळवलेलं असायचं तो एवढा जहाल की प्लास्टिकची सिरिंज टिकायची नाही, काचेची लागायची. आणि दर वीस पेशंटमागे साधारण एक जण आजाराने नाही, ह्या औषधानेच मरायचा. रोगापेक्षा इलाज भयंकर हे आपण सहज बोलून जातो, इथे डॉक्टर रोज सकाळी ते हातात धरून वॉर्डात जात होते, कारण दुसरं काही नव्हतं.

दुसरं काही नव्हतं असंही नाही. इफ्लॉर्निथिन होतं. कॅन्सरसाठी बनवलेलं, तिथे फारसं चाललं नाही, पण झोपेच्या आजारात बेशुद्धीतली माणसं उठून बसायला लागली, इतकं की आफ्रिकेत त्याला पुन्हा जिवंत करणारं औषध म्हणायला लागले. १९९० मध्ये मंजुरी. आणि मग काही वर्षांत उत्पादन बंद, कारण घेणारे कोण, तर खेड्यातले, ज्यांच्याकडे पैसे नाहीत. २००० साली तेच इफ्लॉर्निथिन परत आलं. बायकांच्या चेहऱ्यावरची नको असलेली लव कमी करायच्या क्रीममध्ये.

मी परत सांगते, तोच रेणू. त्याला घेणारी गिऱ्हाईकं मिळाली तर तो कारखान्यात बनत होता आणि मरणारे पेशंट होते तेव्हा बनत नव्हता. मग एमएसएफ म्हणजे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सवाल्यांनी आणि डब्ल्यूएचओने हा विरोधाभास जगासमोर धरला, कंपनीलाही लाज वाटली असेल, २००१ मध्ये करार झाला आणि झोपेच्या आजारासाठी इफ्लॉर्निथिन फुकट मिळायला लागलं. त्या क्रीमवर माझा राग नाही. क्रीम नसतं तर कदाचित तो रेणू जगातून गेलाच असता. पण पेशंट आणि गिऱ्हाईक ही दोन वेगळी माणसं आहेत, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते तेव्हापासून.

आणि इफ्लॉर्निथिन म्हणजे तरी काय, १४ दिवस, रोज चार वेळा सलाईनमधून, ५६ बाटल्या, तेही अशा दवाखान्यात जिथे वीज असेलच असं नाही. सर म्हणायचे की आमच्यातला शहाणा केमिस्ट तो नाही जो जोरदार रेणू बनवतो, शहाणा तो जो आधी विचारतो की हे देणार कोण आणि कुठे.

त्याच सुमारास कुणीतरी मोजणी केली. १९७५ ते १९९९ मध्ये जगात १,३९३ नवी औषधं आली, त्यातली उष्ण कटिबंधातले आजार आणि टीबी मिळून फक्त १६. ह्या आकड्यानंतर, एमएसएफला १९९९ मध्ये मिळालेल्या नोबेलच्या पैशाचा काही भाग घालून, २००३ मध्ये डीएनडीआय नावाची संस्था उभी राहिली. नफ्यासाठी नाही, कारखाना नाही, स्वतःची मोठी लॅब नाही. लोकांना एकत्र आणायचं, जुनं धुंडाळायचं आणि चाचण्या करायच्या.

जुनं धुंडाळायचं, हे मला सगळ्यात भावतं. त्यांनी एका विशिष्ट घराण्यातले ७०० हून जास्त रेणू गोळा केले, जगभरच्या कपाटांतून, जुन्या पेपरांतून, आणि त्यात एक निघाला फेक्सिनिडाझोल. होएक्स्ट नावाच्या जर्मन कंपनीत तयार झालेला, थोडं काम होऊन १९८०च्या दशकात बाजूला पडलेला. दोन दशकं तो काही बदलला नव्हता, कुणी विचारलं नव्हतं एवढंच. मग काँगोमध्ये चाचण्या झाल्या, जिथे रस्ते नाहीत तिथे होड्यांनी सामान नेऊन, आणि २०१८ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने हिरवा कंदील दिला. दहा दिवस गोळ्या, पोटभर जेवून घ्यायच्या. सुई नाही, बाटली नाही, आर्सेनिक नाही. त्याच्या पुढचं अकोझिबोरोल, तीन गोळ्या, एकदाच. काँगो आणि गिनीमधल्या २०८ जणांवरच्या चाचणीत, मेंदूपर्यंत आजार गेलेल्यांतही १०० पैकी ९५ जण दीड वर्षाने बरे होते. सरांनी ते पेपर मला वाचायला दिले तेव्हा काही बोलले नाहीत, नुसतं पानावर बोट ठेवलं, तीन गोळ्या लिहिलं होतं तिथे. १९९८ मध्ये ह्या आजाराचे नोंदलेले पेशंट ४० हजाराच्या घरात होते, २०१८ पासून वर्षाला हजाराच्या आत. सगळं श्रेय औषधाचं नाही, गावोगाव जाऊन रक्त तपासणाऱ्यांचं जास्त आहे.

टीबीचं सांगायचं राहिलं, आणि ते सांगताना मला थोडं जपून बोलावं लागतं कारण तिथे आनंद आणि काळजी एकाच वेळी आहे. औषधांना दाद न देणारा टीबी म्हणजे पूर्वी दीड-दोन वर्षं उपचार, मूठभर गोळ्या आणि महिनोन्‌महिने कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं, जी कानाच्या आतल्या पेशी कायमच्या मारतात. जगलात तर बहिरे व्हायची भीती. २०१२ च्या शेवटी बेडाक्विलिन मंजूर झालं, चाळीसेक वर्षांनी टीबीसाठी आलेलं नव्या जातीचं पहिलं औषध, जंतूच्या ऊर्जा बनवणाऱ्या चक्रालाच खीळ घालणारं. २०१९ मध्ये त्याच्या जोडीला प्रेटोमॅनिड आलं. ही दोन आणि लिनेझोलिड, अशी तीन औषधं, सहा महिने, इंजेक्शन नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या पहिल्या चाचणीत १०९ पेशंट होते, सगळे जवळपास आशा सोडलेले, त्यातले ९० टक्के बरे झाले. लिनेझोलिडने बहुतेकांच्या हातापायांना मुंग्या आल्या, कित्येकांचं रक्त कमी झालं, डोस मध्येच उतरवावे लागले, पण जगले.

आणि ह्या बेडाक्विलिनचं पेटंट लांबवायचा अर्ज भारतात आला तेव्हा त्याला हरकत घेणाऱ्यांत दोघी होत्या, नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले. दोघी टीबीतून उठलेल्या, दोघींची श्रवणशक्ती त्या जुन्या इंजेक्शनांनी गेलेली. मार्च २०२३ मध्ये पेटंट ऑफिसने अर्ज फेटाळला. दोघींचा स्वतःचा उपचार कधीच संपला होता. ज्या औषधाने त्यांचे कान वाचले असते ते दुसऱ्या कुणाला तरी स्वस्तात मिळावं म्हणून दोघी भांडल्या.

काळजी ही की बेडाक्विलिनलाही दाद न देणारे जंतू सापडायला लागलेत. एवढ्यातच.

आमचा प्रोजेक्ट तीन वर्षं चालला आणि मग पैसे संपले. जाता जाता फ्रीझर रिकामा करायचा होता. उणे वीसचा फ्रीझर, त्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांत लहान लहान कुप्या, डीएमएसओ तसंही १८ डिग्रीला गोठतं, त्यामुळे सगळ्या दगडासारख्या. बहुतेक फेकायच्या होत्या. एक खोकं होतं, त्यातली १७ नंबरची कुपी मला पाठ होती. खरोखर निळी आलेली, बरोबर पिपेटने, तीन वेगवेगळ्या दिवशी. चुलतभावालाही मारलं होतं तिने आणि बंदिस्त लॅबमध्ये पाठवली तर खऱ्या टीबीलाही, माणसाच्या पेशींना फारसा त्रास न देता. एकच भानगड, पाण्यात विरघळायची नाही. रक्तासारख्या द्रवात टाकली की पाच मिनिटांत तळाला पांढरे खडे. आमच्या केमिस्टने तिच्यात बदल करून बघायला घेतले होते, ते अर्ध्यावर राहिले, तो दुसरीकडे गेला.

नवीन आलेली मुलगी हातमोजे घालून रजिस्टर आणि पिवळी पिशवी घेऊन उभी होती. "ताई, हे खोकं पण टाकू ना?"

मी १७ नंबर हातात घेतला. बोटांना गार लागलं आणि वरचा नंबर ओलाव्याने फिसकटला. मार्कर घेऊन नंबर परत गिरवला, टोपणावर आणि बाजूला, दोन्हीकडे, आणि खोकं खालच्या कप्प्यात मागे, बर्फ साचलेल्या कोपऱ्यात सरकवलं.

"रजिस्टरमध्ये काय लिहू मग? न टाकण्याचं कारण विचारलंय इथे."

मी म्हटलं, लिही, अजून विरघळत नाही.